रेषेच्या आत चार गुणांनी पुढे, सामन्यात वीस गुणांनी मागे: व्हर्जिनिया विरुद्ध यूएमबीसी

१६ मार्च २०१८. अमेरिकेतल्या शार्लट शहरात कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेतला पहिल्या फेरीचा सामना. गुणफलक: यूएमबीसी ७४, व्हर्जिनिया ५४.

आता या गुणफलकातून दोन्ही संघांचे तीन गुणांचे शॉट, म्हणजे रिंगपासून दूर आखलेल्या कमानीसारख्या रेषेबाहेरून घातलेले, वजा करा. यूएमबीसीने लांबून २४ शॉट मारले, १२ आत गेले. म्हणजे ३६ गुण. व्हर्जिनियाने २२ मारले, आत गेले फक्त ४. म्हणजे १२ गुण. उरलेला हिशोब: व्हर्जिनिया ४२, यूएमबीसी ३८.

म्हणजे रेषेच्या आतला खेळ आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे एकेका गुणाचे मोकळे शॉट) एवढेच मोजले तर व्हर्जिनिया चार गुणांनी जिंकते. त्या रात्री ज्याला इतिहास म्हटले गेले, तो सगळा रेषेबाहेर घडला. हे वाक्य मी अर्धे खरे मानतो. उरलेल्या अर्ध्यासाठीच हा लेख.

कोण कोणाशी खेळत होते

ही स्पर्धा ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना एनसीएए. तिच्या या पुरुषांच्या स्पर्धेत २०१८ मध्ये ६८ संघ होते, त्यातले काही आधी पात्रता सामने खेळून ६४ उरत. चार विभाग, प्रत्येक विभागात १ ते १६ असे मानांकन. पहिल्या मानांकिताची गाठ सोळाव्याशी पडते. हरला की घरी. एनबीएसारखी सात सामन्यांची मालिका इथे नाही, त्यामुळे 'आज जमले नाही, परवा बघू' हे वाक्यच इथे कुणाला म्हणता येत नाही.

१९८५ साली स्पर्धा ६४ संघांची झाली. तेव्हापासून त्या रात्रीपर्यंत पुरुषांच्या स्पर्धेत सोळावा विरुद्ध पहिला असे १३५ सामने झाले होते आणि १३५ वेळा पहिला मानांकितच जिंकला होता. (महिलांच्या स्पर्धेत हार्वर्डने १९९८ मध्येच स्टॅनफर्डला हरवून हे करून दाखवले होते. पुरुषांच्या विक्रमाबद्दल बोलताना ते बहुतेक वेळा विसरले जाते.)

व्हर्जिनिया हा पहिल्या मानांकितांमधलाही पहिला. मोसमात ३१ विजय, २ पराभव. एसीसी या देशातल्या अत्यंत कठीण साखळीत १७ विजय आणि १ पराभव, वर त्या साखळीची स्पर्धाही खिशात. सरासरी फक्त ५३-५४ गुण देणारा, देशातला सर्वांत कंजूष बचाव.

समोर यूएमबीसी, म्हणजे मेरिलँड विद्यापीठाची बाल्टिमोर काउंटी शाखा. एमएससाठी अर्ज करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हे नाव ओळखीचे असेल. अमेरिकेत ते ओळखले जायचे ते बुद्धिबळाच्या संघासाठी. बास्केटबॉलमध्ये हाच संघ त्याच वर्षीच्या जानेवारीत ऑल्बनीकडून ४४ गुणांनी हरला होता. स्पर्धेत प्रवेश मिळाला तोही शेवटच्या क्षणी, व्हर्मॉन्टविरुद्ध जायरस लाइल्सने मारलेल्या तीन गुणांच्या शॉटवर. त्यांचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा, के. जे. मॉरा पाच फूट आठ इंचांचा. मॉलमध्ये दिसला असता तर कुणी मान वळवून पाहिले नसते.

व्हर्जिनियाची भिंत आणि तिच्यातली फट

प्रशिक्षक टोनी बेनेट यांचा बचाव 'पॅक लाइन' नावाने ओळखला जातो. तो रचला त्यांचे वडील डिक बेनेट यांनी. कल्पना साधी आहे. तीन गुणांच्या रेषेच्या आत, रिंगपासून साधारण सोळा फुटांवर, एक काल्पनिक कमान धरायची. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला एक जण जाऊन भिडणार. बाकी चौघे त्या कमानीच्या आत. कोणी चेंडू घेऊन आत घुसला की त्याला एक नव्हे, दोन-तीन शरीरे आडवी येतात.

यामागचा हिशोब असा की रिंगजवळचा शॉट सर्वांत सोपा, म्हणून तो द्यायचाच नाही. प्रतिस्पर्ध्याला लांबून मारायला लावायचे, आणि शॉट सुटायच्या आत धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात आणायचा. रोज सराव करणाऱ्या, उंच, शिस्तीच्या मुलांना हे जमते. वर्षभर जमलेच होते.

पण या रचनेची किंमत तिच्यातच लिहिलेली आहे. आत गर्दी करायची तर बाहेर कुणीतरी मोकळे राहणार, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला बचावपटूला लांब पळावे लागणार. पळत आलेला माणूस थांबू शकत नाही. शूटरने नुसता खोटा हात दाखवला तरी तो बाजूने निघून जातो.

दुसरी गोष्ट वेग. व्हर्जिनिया देशातल्या सर्वांत संथ संघांपैकी. शॉट क्लॉकचे, म्हणजे एका शॉटसाठी मिळणारे, तीस सेकंद जवळजवळ संपेपर्यंत चेंडू फिरवायचा आणि मग मारायचा. यामुळे सामन्यात दोन्ही बाजूंना मिळणाऱ्या संधी कमी होतात. बलवान संघाने असे करावे का, हा जुना वाद आहे. मला विचाराल तर ही व्हर्जिनियाची सर्वांत मोठी जोखीम होती आणि ३१ विजयांनी ती झाकून टाकली होती. वीस षटकांच्या सामन्यात दुबळा संघ कधीतरी बाजी मारतो, पाच दिवसांच्या कसोटीत क्वचितच, हे क्रिकेट पाहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. व्हर्जिनिया स्वतःच सामना छोटा करून खेळत होती.

आणि तिसरी गोष्ट, जी आकड्यांत दिसत नाही: डीआंद्रे हंटर. सहा फूट सात इंच उंच, चपळ गार्डपासून रिंगजवळच्या उंच सेंटरपर्यंत कुणालाही अडवू शकणारा खेळाडू. तीन दिवस आधी जाहीर झाले की त्याचे डावे मनगट मोडले आहे आणि तो खेळणार नाही.

चाळीस मिनिटे

मध्यंतराला २१-२१. पहिली वीस मिनिटे पाहणाऱ्यांना वाटले असेल की सोळावा संघ नशिबाने टिकून आहे. खरे तर गुणसंख्या व्हर्जिनियाच्या पसंतीची होती. २१ गुणांवर रोखलेला प्रतिस्पर्धी हे त्यांचे रोजचे काम. न जमलेली गोष्ट एवढीच की स्वतःचे शॉटही पडत नव्हते.

दुसरा अर्ध सुरू झाला आणि यूएमबीसीच्या जो शेरबर्नने आत घुसून बास्केट केली, वर फाउल मिळवला, फ्री थ्रो घातला. पाठोपाठ लांबून तीन गुण. २७-२१. सहा गुणांची आघाडी म्हणजे खरे तर काहीच नाही. पण संथ संघासाठी सहा गुण म्हणजे तीन-चार मिनिटांचे काम, आणि ते करेपर्यंत समोरचा थांबत नव्हता. आघाडी लवकरच दोन आकडी झाली.

इथून पुढे सामना उलटा फिरला. मागे पडलेल्या व्हर्जिनियाला घाई करावी लागली. घाईत लांबून मारावे लागले. वर्षभर सावकाश, जागा शोधून मारलेले शॉट आता अंगावर माणूस असताना सुटू लागले. रिंगवर आपटून उडालेला लांबचा चेंडू दूर जातो, तो धरून यूएमबीसी पळत सुटायची, तेव्हा पॅक लाइनची कमान उभी राहायलाही वेळ नसायचा.

लाइल्सने २८ गुण केले, त्यातले २३ दुसऱ्या अर्धात. ११ शॉटपैकी ९ आत. त्याचे वडील व्हर्जिनिया विद्यापीठाकडूनच अमेरिकन फुटबॉल खेळले होते, हा त्या रात्रीचा एक लहानसा काव्यगत न्याय. यूएमबीसीने दुसऱ्या अर्धात ५३ गुण केले. व्हर्जिनिया पूर्ण सामन्यात सरासरी जेवढे देत असे, तेवढे वीस मिनिटांत.

नशीब किती, रचना किती

आता मुख्य प्रश्न. १२ पैकी किती शॉट नशिबाचे?

कॉलेज स्तरावर तीन गुणांचे शॉट साधारण ३५ टक्के पडतात. दोन्ही संघांना हाच आकडा लावू. २४ शॉटमध्ये यूएमबीसीचे आठ-नऊ पडायला हवेत, पडले १२. २२ मध्ये व्हर्जिनियाचे सात-आठ पडायला हवेत, पडले ४. ३५ टक्क्यांच्या संघाने २४ पैकी १२ किंवा जास्त घालणे दहा-अकरा रात्रींतून एकदा घडते. २२ पैकी ४ किंवा कमी पडणे चौदा रात्रींतून एकदा. दोन्ही एकाच रात्री, एकमेकांशी संबंध नसताना, दीडशे रात्रींतून साधारण एकदा.

१३५ सामने न घडलेली गोष्ट १३६व्या सामन्यात घडली. आकडे इतके जवळ आले की टाळी द्यावीशी वाटते, पण हा योगायोग आहे, पुरावा नव्हे. कारण 'एकमेकांशी संबंध नसताना' हेच खोटे आहे. यूएमबीसीचे पडत गेले म्हणून व्हर्जिनिया मागे पडली, मागे पडली म्हणून घाई झाली, घाई झाली म्हणून तिचे पडेनात. एका टोकाचा थ्री (तीन गुणांचा शॉट) दुसऱ्या टोकाच्या थ्रीची टक्केवारी खाली ओढतो. गुणफलकात हे कुठेच नोंदले जात नाही.

आणखी एक आकडा पाहू, जो त्या रात्रीच्या गदारोळात कुणी फारसा मोजला नाही. दोन गुणांचे शॉट. व्हर्जिनिया ३४ पैकी १९, म्हणजे ५६ टक्के. यूएमबीसी २४ पैकी १४, म्हणजे ५८ टक्के. देशातल्या सर्वांत कडक बचावाच्या पोटात शिरून, मॉरासारख्या बुटक्या गार्डला घेऊन खेळणाऱ्या संघाने व्हर्जिनियाइतक्याच अचूकतेने आतून गुण केले.

हे कसे शक्य झाले? बाहेरच्या शॉटमुळेच. शेरबर्न आणि त्याचे सोबती रेषेबाहेर पसरून उभे होते. एकदा त्यांचे दोन-तीन पडले की बचावपटूला कमान सोडून एक पाऊल बाहेर यावे लागते. चौघांनी एकेक पाऊल बाहेर टाकले की मधे गल्ली तयार होते. लाइल्स त्या गल्लीतून गेला. म्हणून सुरुवातीची वजाबाकी अर्धी खरी आहे असे मी म्हटले. थ्री वजा करून आतला खेळ वेगळा मोजता येतो, पण आतला खेळ तसा घडला तो थ्री होता म्हणून. पडलेल्या बारा शॉटचे ३६ गुण दिसतात. 'हा मारेल' या धाकाचे गुण दुसऱ्याच रकान्यात जमा होतात.

दोनच दिवसांनी यूएमबीसी कॅन्सस स्टेटकडून ५०-४३ अशी हरली. तोच संघ, तीच रचना, सबंध सामन्यात ४३ गुण. लांबून मारणाऱ्यांचे देणे-घेणे असेच असते.

हे केवळ दुबळ्याचे हत्यार नाही

या सामन्यावरून लोकांनी सरसकट निष्कर्ष काढला की थ्री म्हणजे गरिबाची लॉटरी. त्याच स्पर्धेचा शेवट मात्र वेगळे सांगतो. पहिले मानांकन असलेल्या व्हिलानोवाने उपांत्य सामन्यात कॅन्ससविरुद्ध लांबून ४० शॉट मारले, १८ घातले आणि ९५-७९ असे जिंकून पुढे विजेतेपदही घेतले. त्या मोसमात त्यांनी तीन गुणांच्या शॉटचा ४६४ चा विक्रम केला. उंच खेळाडूंसह पाचही जण बाहेरून मारू शकत होते.

फरक प्रमाणात आहे. एका रात्री २२ शॉट मारणाऱ्याला चार पडले तर तो संपतो. दर रात्री तीसच्या आसपास मारणारा आणि तेच करण्यासाठी खेळाडू निवडणारा संघ नशिबाचा हेलकावा कमी करत नेतो. व्हिलानोवासाठी थ्री रोजची भाकरी होती, सणाची पुरणपोळी नव्हे.

एनसीएएमध्ये पुरुषांसाठी ही रेषा १९८६-८७ च्या मोसमात आली, १९ फूट ९ इंचांवर. इंडियानाचे प्रशिक्षक बॉब नाइट यांना ती मुळीच पसंत नव्हती, आणि गंमत अशी की पहिल्याच वर्षी त्यांच्या स्टीव्ह आल्फर्डने अंतिम सामन्यात सात थ्री मारून त्यांना विजेतेपद मिळवून दिले. २००८ मध्ये रेषा एक फूट मागे गेली. २०१८ चा आपला सामना त्या २० फूट ९ इंचांच्या रेषेवर झाला. २०१९-२० च्या मोसमापासून ती आंतरराष्ट्रीय अंतरावर म्हणजे ६.७५ मीटरवर नेली. आपल्याकडे आखतात तीच. त्यामुळे २०१८ चे शॉट पाहून 'हे तर आम्हीही मारू' असे कुणाला वाटले तर मधले सुमारे ४३ सेंटिमीटर लक्षात ठेवावेत.

पुढचे वर्ष

हरल्यानंतर बेनेट यांनी बचाव बदलला नाही. वेगही वाढवला नाही. २०१९ मध्येही व्हर्जिनिया संथच होती. टीकाकारांना हे हट्टीपणाचे वाटले. मलाही त्या वेळी तसेच वाटले होते. बदल झाला तो आक्रमणात: चेंडूवाल्यासाठी स्क्रीन लावून (त्याच्या बचावपटूच्या वाटेत सोबत्याला उभे करून) खेळण्याचे प्रमाण वाढले, आणि हंटर परत आला. काइल गाय, टाय जेरोम आणि हंटर, तिघेही लांबून चाळीस टक्क्यांच्या आसपास मारणारे.

स्पर्धा सुरू झाली आणि पुन्हा सोळावा मानांकित, गार्डनर-वेब, मध्यंतराला ३६-३० असा पुढे. त्या वीस मिनिटांत व्हर्जिनियाच्या चाहत्यांची काय अवस्था झाली असेल! या वेळी त्यांनी ७१-५६ असा निकाल फिरवला.

दुसऱ्या फेरीत ओक्लाहोमाविरुद्ध गायने लांबून दहा शॉट मारले आणि दहाही चुकले. तरी व्हर्जिनिया बारा गुणांनी जिंकली. 'थ्री पडले नाहीत की संपलो' या सिद्धांताला हा सरळ छेद आहे. समोरच्याचेही पडले नाहीत तर बचाव तारतो. तो तारत नाही तो समोरचा पेटलेला असताना.

आणि पुढे समोरचा पेटलाच. पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने एकट्याने दहा थ्री मारले, ४२ गुण केले. ही यूएमबीसीपेक्षा भयंकर रात्र होती. फरक एवढाच की दहापैकी शून्य मारणाऱ्या गायने या वेळी पाच घातले. सामना जादा वेळेत ८०-७५ असा व्हर्जिनियाने जिंकला. उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध शेवटचे ०.६ सेकंद बाकी असताना कोपऱ्यातून थ्री मारणाऱ्या गायला फाउल झाला. दोन गुणांचा शॉट असता तर दोनच फ्री थ्रो मिळाले असते आणि फार तर बरोबरी झाली असती. मिळाले तीन. तिन्ही घातले, ६३-६२. (त्याआधी जेरोमचा डबल ड्रिबल, म्हणजे चेंडू टप्पे देऊन थांबवल्यावर पुन्हा टप्पे देण्याचा नियमभंग, पंचांनी पाहिला नाही, हेही खरे. ऑबर्नवाले ते अजून विसरलेले नाहीत.)

८ एप्रिल २०१९, मिनियापोलिस. टेक्सस टेकविरुद्ध अंतिम सामना. १२.९ सेकंद बाकी, व्हर्जिनिया तीन गुणांनी मागे. जेरोम आत घुसला, बचाव त्याच्याकडे ओढला गेला, चेंडू कोपऱ्यात हंटरकडे. शॉट आत, ६८-६८. जादा वेळेत ८५-७७. व्हर्जिनियाने त्या रात्री लांबून २४ मारले, ११ घातले.

आत घुसायचे, गर्दी ओढायची, कोपऱ्यात मोकळ्या माणसाला चेंडू द्यायचा. वर्षभरापूर्वी शार्लटमध्ये याच चालीने त्यांची भिंत फोडली होती.

एक जोडपत्र

१७ मार्च २०२३ रोजी सोळावा मानांकित दुसऱ्यांदा जिंकला. फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८ असे हरवले. पर्ड्यूकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी होता, समोर एनसीएएच्या वरच्या गटातला सर्वांत बुटका संघ. इथे विजेत्याचे थ्री काही पेटले नव्हते: २३ पैकी ७. पण पर्ड्यूचे २६ पैकी ५. पुन्हा तीच वजाबाकी करा. तीन गुणांचे शॉट काढले तर पर्ड्यू ४३, फेअरली डिकिन्सन ४२.

ईडीभोवती दोन-तीन जण गोळा करून बाहेर मोकळे सोडलेल्यांना 'मारा' म्हणून सांगणे, ही त्या रात्रीची सगळी युक्ती. पॅक लाइनचेच हे गरीब भावंड. शार्लटमध्ये ती पद्धत बलवानाच्या अंगावर उलटली होती, इथे दुबळ्याच्या कामी आली. दोन्ही वेळा बाहेर मोकळ्या उभ्या असलेल्यांचे शॉट पडतात की नाही, यावर निकाल लागला.

शेवटी यूएमबीसीच्या प्रशिक्षकाबद्दल. रायन ओडम. त्याचे वडील डेव्ह ओडम १९८०च्या दशकात व्हर्जिनियाच्या संघाचे सहायक प्रशिक्षक होते, आणि लहान रायन त्याच मैदानावर बॉलबॉय म्हणून चेंडू उचलून द्यायचा. टोनी बेनेट ऑक्टोबर २०२४ मध्ये निवृत्त झाले. मार्च २०२५ मध्ये व्हर्जिनियाने नवा मुख्य प्रशिक्षक नेमला. तोच बॉलबॉय.